तबकडीचा संपादक

भर ठाकूरद्वारच्या नाक्यावर मला "ए चकली!" अशी हाक मारणारा माणूस जगात एकच आहे. मी विमा कंपनीत अधिकारी आहे, माझ्या हाताखाली माणसं काम करतात, आणि त्यातलं एखादं त्या क्षणी माझ्या शेजारी उभं असू शकतं, यातलं काहीही डिगूकाकांच्या आड येत नाही. ते रस्त्याच्या पलीकडून छत्री हलवतात आणि आवाज चढवतात. "अगं चकली, थांब! तुझा कालचा प्रतिसाद अवांतर होता!"

बरोबरचा माणूस माझ्याकडे बघतो. मी म्हणते, आमचे शेजारी आहेत. एवढ्यावर भागतं. गिरगावात शेजारी म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही.

चकली हा माझा आयडी. 'तबकडी' नावाच्या जुन्या मराठी गाण्यांच्या संकेतस्थळावर, म्हणजे आमच्या कट्ट्यावर, मी नाव नोंदवलं तेव्हा दिवाळी तोंडावर होती, हात तेलकट होते, आणि टोपणनावाच्या चौकटीत काहीतरी लिहायचं म्हणून मी चकली लिहून मोकळी झाले. काकांनी मात्र विचार करून 'खर्ज' घेतला होता. खरा आवाज इतका बारीक की अजूनही फोनवर लोक त्यांना म्हणतात, "बाळ, आजोबांना दे जरा." दिगंबर वालावलकर हे त्यांचं पूर्ण नाव मला त्यांच्या दारावरच्या पाटीमुळे माहीत आहे. माझं खरं नाव त्यांना माहीत आहे की नाही, याबद्दल मला शंका आहे. फणसवाडीत आमच्या दोन दारांमध्ये फक्त एक पाण्याचं पिंप आहे, तरीही.

मुलाच्या लग्नात त्यांनी व्याह्यांना आमची ओळख करून दिली ती अशी: "हे पेटीवाला. ह्या मंदसप्तक. हे दोघं नवरा-बायको आहेत, पण कट्ट्यावर एकमेकांना ओळख देत नाहीत. आणि ही चकली, ताल कच्चा आहे, पण स्वभावाने बरी." व्याह्यांनी मुलीकडे एकदा बघून घेतलं. अक्षता पडून गेल्या होत्या, म्हणून निभावलं.

काका गोदीत टॅली क्लार्क होते. बोटीतून उतरलेलं खोकं डोळ्यांनी बघायचं, हाताने टकटक करायचं, मग कागदावर शिक्का. न बघता शिक्का मारला असं आयुष्यात एकदाही झालं नाही, हे ते अजून ऐकवतात. त्यातून त्यांना एक शब्द चिकटला. "पुरावा?" कोणी म्हणावं आज उकडतंय, की काका म्हणणार, "पुरावा?" शालिनीकाकू म्हणायच्या, "जन्माला आले तेव्हा सुइणीकडेसुद्धा मागितला असेल ह्यांनी." काकूंचं आणि त्यांचं चांगलं जमतं, कारण काकू त्यांचं काहीही ऐकत नाहीत.

निवृत्त झाल्यावर काका खेतवाडीतल्या एका सायबर कॅफेत जाऊन मराठी टाइप करायला शिकले आणि तबकडीवर आले. वर्षभरात संपादक झाले. संपादक म्हणजे कट्ट्याचा फौजदार. कोणी विषय काढला की त्याला धागा म्हणायचं, खाली लोकांचे प्रतिसाद, आणि प्रतिसाद घसरला की तो उडवायचं काम संपादकाचं. वाद फारच पेटला तर धागा वाचनमात्र करायचा. वाचा सगळ्यांनी, लिहायचं कोणी नाही.

आणि काय वाद पेटायचे! एका गाण्यात ढोलकी आहे की दिमडी, यावर आम्ही एक अख्खा गणेशोत्सव काढला होता. दुबईतला एक डॉक्टर पेशंट बसवून ठेवून उत्तरं द्यायचा. सांगलीच्या एक बाई नेहमी "माझं हे शेवटचं" असं म्हणून सुरुवात करायच्या आणि आणखी आठवडाभर लिहायच्या. काकांचा दिवस सकाळी आंघोळ, पूजा, मग कट्टा असा सुरू व्हायचा. पंचा नेसूनच बसायचे. काकू चहाचा कप संगणकाशेजारी ठेवून म्हणायच्या, "आज कोणाला फाशी?"

वाडीतही हीच भाषा. चाळीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या पंपाचा विषय निघाला, तेवढ्यात तळमजल्यावरचे जोशी पार्किंगवर बोलायला लागले. काका उठले आणि शांतपणे म्हणाले, "हा प्रतिसाद उडवण्यात येत आहे." जोशी खरोखरच खाली बसले. का बसले ते त्यांनाही नंतर सांगता येईना.

वर्षातून एकदा दादरला एका हॉटेलच्या माळ्यावर सगळे भेटायचो. छातीला आयडीची चिठ्ठी लावून. कट्ट्यावर एकमेकांचे गळे धरणारे लोक तिथे एकमेकांना साबुदाणावडा वाढायचे. काका दाराशी उभे राहून चिठ्ठ्या तपासायचे. एकाच माणसाने दोन आयडी घेतले असतील, तर तो दोन चिठ्ठ्या लावून आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. एक गृहस्थ तसे आलेही होते.

मग हळूहळू माणसं कमी झाली. काकांना त्यातलं एकच लागलं, की कोणी भांडून गेलं नाही. भांडून गेलेला माणूस परत येतो, हा त्यांचा अनुभव होता. ही माणसं नुसती यायची थांबली. कोणी फोनवरच्या ग्रुपमध्ये गेलं, कोणी गाण्यांच्या व्हिडिओखाली बदाम टाकून समाधान मानायला लागलं, काही वारले. वारल्याचं कळायचं ते कोणाच्या तरी मुलाने बापाच्या आयडीवरून येऊन लिहिलं तर. काका त्यावर फार नीट, फार मायेने लिहायचे आणि मग कंसात टाकायचे: दुसऱ्याचा आयडी वापरणे नियमात बसत नाही, या वेळी चालवून घेत आहोत.

फोनवरच्या ग्रुपमध्ये तेही गेले होते, थोडे दिवस. "तिथं धागाच नाही गं," ते मला सांगत होते. "सकाळी एकाने विचारलं, ह्या गाण्यात सतार कोणाची? मी उत्तर लिहून पाठवेपर्यंत वर गुलाबाची फुलं, एक गणपती, आणि कोणाच्या तरी नातवाचं जावळ. प्रश्न गाडला गेला. मी कोणाला उत्तर देऊ, जावळाला?" ग्रुप सोडताना त्यांनी "विषयांतराच्या निषेधार्थ" असा संदेश टाकला. त्याला तिघांनी नमस्काराचे हात पाठवले.

तबकडीवर शेवटी रोज येणारा सदस्य एकच उरला. पण पानाच्या तळाशी एक ओळ असते, सध्या कट्ट्यावर कोण आहे ते सांगणारी. तिथे सदस्य एक आणि पाहुणे भरपूर असं दिसायचं. काका त्या पाहुण्यांचं स्वागत करायचे. "लाजू नका, नाव नोंदवा," असं रोज सकाळी लिहायचे. मला राहवेना. एके दिवशी पिंपाशी उभी राहून मी सांगितलं, "काका, ते पाहुणे माणसं नाहीत. यंत्रं आहेत. इंटरनेटवरचं सगळं वाचून गोळा करत फिरतात."

काकांनी तांब्या भरून घेतला. "वाचतात ना?"

"वाचतात."

"मग झालं तर. गुडमॉर्निंग तरी पाठवत नाहीत."

यंत्रांनी खरोखरच वाचलं होतं. ते असं कळलं. यंदा संक्रांतीला मी तिळाचे लाडू द्यायला गेले, तेव्हा काकूंनी माझा नवा फोन हातात घेतला. फोनला प्रश्न विचारला की तो बोलून उत्तर देतो, हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. काका म्हणाले, विचार त्याला काहीतरी गाण्यातलं, कळेल किती पाण्यात आहे ते. आणि त्यांनी स्वतःच एक प्रश्न सुचवला.

एक जुनं भावगीत आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर तुम्हीही भांडायला याल. त्यात दुसऱ्या कडव्यानंतर एक सुरावट येते, हवेत उडून गेल्यासारखी. ती बासरी आहे की कोणाची शीळ, यावर तबकडीवर एकेकाळी रण माजलं होतं. काकूंनी फोनला विचारलं. फोन म्हणाला, ती निःसंशय बासरीच असून, शीळ वाटणे हा जुन्या ध्वनिमुद्रणामुळे होणारा श्रवणभ्रम होय.

काका खुर्चीतून उठलेच. "हे वाक्य माझं आहे! श्रवणभ्रम होय! 'होय' आणखी कोण लिहितं?" त्यांचा आनंद बघण्यासारखा होता. सगळ्या वाडीत त्यांनी ते सांगितलं. बंगलोरच्या मुलाला फोन करून सांगितलं. मुलालाही बापाचं कौतुक वाटलं असावं, त्याने वाढदिवसाच्या नावाखाली कानांवर बसवायचे चांगले जाड हेडफोन पाठवून दिले. आता आपलं जगन्मान्य झालेलं मत एकदा नीट ऐकावं, म्हणून काका ते लावून, डोळे मिटून खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी पंचा नव्हता, कट्टा नव्हता. काका गॅलरीत उभे राहून तोंडाचा चंबू करून हवा आत ओढत होते. काकूंनी मला दारातून खुणेने बोलावलं. "कालपासून हेच चाललंय. दमा तर नसेल ना झाला? विचारलं तर बोलत नाहीत."

दोन-चार दिवसांनी बोलले. मला घरात बोलावून हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि बोटाने दाखवत राहिले. "बासरी फुंकून वाजते. श्वास बाहेर गेला की सूर. श्वास घ्यायचा तर बासरीवाला थांबणार, कितीही मोठा असला तरी. आता ऐक. थांबला? नाही थांबला. सलग चाललाय. आणि इथं बघ, इथं सूर पातळ होतो. आत ओढलाय तो. शीळ आत ओढतानाही वाजते, मी करून बघितलं. आणि शेवटी, आता, हे... हा माणूस दम घेतोय, चकली."

ऐकू आला. सूर संपला त्याच्या पाठोपाठ, गायिका पुढची ओळ उचलायच्या आत, कोणीतरी घशातून किंचित घरघरता श्वास घेतला होता.

"म्हणजे शीळ," मी म्हणाले. "मग काय झालं? चुकलात. माणूस चुकतो."

काकांनी संगणक चालू करून तो जुना धागा उघडला. 'पिंपळपान' नावाच्या एका आयडीने लिहिलं होतं: ती शीळ आहे, आणि ती माझ्या बाबांनी घातली आहे. बाबा गिरणीत होते, हौसेने कोरसमध्ये गायचे. त्या दिवशी बासरीवाला आला नाही, म्हणून त्यांना पुढे उभं केलं. खाली खर्ज यांचा प्रतिसाद: पुरावा? पिंपळपान: बाबा आता नाहीत, पण आई सांगते. खर्ज: जवळच्या नात्यातली साक्ष ग्राह्य धरता येत नाही. आपल्या भावना समजू शकतो, परंतु धागा भावनांवर चालत नाही. धागा वाचनमात्र करण्यात येत आहे.

त्यानंतर पिंपळपानाने तबकडीवर एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"कुलूप घातलं मी," काका म्हणाले. "तिच्या बापावर कुलूप घातलं, आणि वर किल्लीचा रुबाब केला. आता जगातलं प्रत्येक यंत्र तेच सांगतंय, आणि माझ्याच शब्दांत सांगतंय."

त्यांनी त्याच दिवशी कुलूप काढलं. जिथे चुकलो तिथेच कबूल करायचं, हा त्यांनीच केलेला नियम होता. त्यांनी सविस्तर, सगळी कारणं देऊन, शीळ असल्याचं लिहिलं आणि खाली माफी मागितली. माफीत 'होय' नव्हतं, 'परंतु' नव्हतं. मग ते वाट बघत बसले. सकाळी उठल्यावर देवाच्या आधी कट्टा. एकदा त्यांनी मला विचारलं, "ह्या पाहुण्यांत ती असेल का गं?" मी आधी एकदा सांगितलं होतं तेच पुन्हा सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, असेलही.

अशात तबकडीच्या मालकांचा फोन आला. ते अमेरिकेत असतात. आता कोणी येत नाही, सगळं जुनं झालंय, एप्रिलअखेर बंद करून टाकू, असं ते म्हणाले. यापूर्वी दोनदा असा फोन आला होता, तेव्हा काकांनी त्यांना नियम ऐकवून गप्प केलं होतं. या वेळी ते नियम बोललेच नाहीत. "एक माणूस यायचं आहे हो," एवढंच त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणत राहिले. मालक म्हणाले, कोण? काकांना नाव सांगता येईना. काकू ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या, त्यांनी कणीक मळायची थांबवली.

"ती येणार नाही," फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या. "तिला हाकलल्यावर ती कशाला येईल? तुम्हीच जायला पाहिजे. चकली, तू जा ह्यांच्याबरोबर. एकटे गेले तर रस्त्यात कोणाशी तरी भांडत बसतील."

जायचं कुठे? नाव नाही, पत्ता नाही. काकांना मात्र पिंपळपानाचा प्रत्येक प्रतिसाद तोंडपाठ होता. एकदा तिने लिहिलं होतं, लालबागला आमच्या खिडकीखालीच मिरच्या कुटतात, म्हणून आम्हा भावंडांत कोणी गायक झालं नाही, सगळे शिंकत मोठे झालो. एवढ्या आधारावर एका रविवारी सकाळी आम्ही लालबागच्या मसाला गल्लीत उतरलो. मसाल्याचे दिवस होते. दोन्ही बाजूंना लाल मिरच्यांचे ढीग, आत मसाला कुटायचे डंख धडधडताहेत, आणि बायका पिशव्या घेऊन रांगेत. काकांनी हेडफोनचा खोका छातीशी धरला होता. पहिल्याच दुकानाशी थांबून त्यांनी नाकावर रुमाल धरला आणि विचारलं, "इथं पिंपळपान कुठं आहे?"

मसाला चाळणारी बाई म्हणाली, "तमालपत्र हाय, दगडफूल हाय. पिंपळपान कोन घालतं ओ मसाल्यात?"

"मसाल्यात नाही हो. आयडी आहे."

"आयडी काढायचं त्या टोकाला, झेरॉक्सवाल्याकडं. आधार कार्ड आनलंय काय?"

काका तिला आयडी म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावायला लागले. मी त्यांना बाजूला केलं आणि म्हटलं, "वहिनी, इथं कोणी गिरणीतले गृहस्थ होते का, फार छान शीळ घालायचे? त्यांच्या मुलीकडे जायचंय."

आत मिरच्यांचे देठ खुडत बसलेल्या एक आजी होत्या. त्यांनी मान वर केली. "राऊळ काय? शीळवाले राऊळ? अगं, ते जिन्याखाली उभे ऱ्हावन शीळ घालीत आनि वरून बायको डबा सोडी दोरीनं. गिरनीत साच्याखात्यात होते. गेले ते, लय वर्सं झाली. पोरगी हाय ना वर, प्रतिभा. रक्त तपासायच्या लॅबमधी जाते. समोरचा जिना, तिसरा माळा."

जिना चढताना काका दोनदा थांबले. मला वाटलं दम लागला. दुसऱ्या वेळी म्हणाले, "परत जाऊ या का?" मी पुढची पायरी चढले. ते परत चढायला लागले.

दार उघडलं ते पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या बाईंनी. सुट्टीचा दिवस, हातात फडकं. काका सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "नमस्कार. मी खर्ज. तबकडीवरचा."

बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. मग म्हणाल्या, "तुम्ही? मला वाटायचं खर्ज म्हणजे कोणीतरी दांडगा, मिशीवाला माणूस असेल."

"नाही. एवढाच आहे."

"या," त्या म्हणाल्या. "आत या."

खोली एकच, पण नीटनेटकी. पलंगावर उशीला टेकून एक म्हातारी बसली होती, नजर खिडकीकडे. "आई. ऐकू कमी येतं आता," प्रतिभाताई म्हणाल्या. पाणी दिलं. काकांनी पाणी तसंच हातात धरून ठेवलं आणि सगळं सांगितलं. चुकलो, शीळच आहे, तुमच्या वडिलांचीच आहे, धागा उघडलाय, माफी लिहिली आहे, पण ती वाचायला तिथं कोणी नाही, म्हणून आलो. एवढं बोलताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

प्रतिभाताईंनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमच्यावर राग नव्हता हो माझा. राग असता तर बरं झालं असतं. तुम्ही एवढं ठामपणे लिहिलंत ना, की मलाच वाटायला लागलं, बाबा थापा मारत होते. गिरणीतला माणूस, पोरांपुढे मोठेपणा म्हणून मारली असेल एखादी थाप. मी ते गाणं लावायचं बंद केलं. आई म्हणायची, लाव गं, ह्यांची शीळ लाव. मी म्हणायची, टेप बिघडलाय. मग म्हणायची, फोनवर नाही मिळत. नंतर तिला ऐकूच कमी यायला लागलं, तिने विचारायचं सोडलं."

मी काकांकडे बघितलं. माणूस एका जागी बसल्या बसल्या म्हातारा होताना मी तेव्हा पाहिला. आतापर्यंत त्यांना वाटत होतं की आपण एका बाईला कट्ट्यावरून घालवलं. तिच्याकडून काय नेलं ते त्यांना आत्ता कळलं होतं.

"मी दाखवतो," काका म्हणाले. खोका त्यांना उघडेना, म्हणून हेडफोन मी काढून दिले. फोनवर गाणं मात्र त्यांनी स्वतः लावलं. प्रतिभाताईंच्या कानांवर हेडफोन बसवून ते त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले आणि मला दाखवलं होतं तसंच बोटाने दाखवत गेले. इथं थांबायला पाहिजे होता, थांबला नाही. इथं आत ओढलाय. आणि आता, शेवटी, लक्ष द्या.

प्रतिभाताईंचा चेहरा बदलला. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग हेडफोन काढले, उठल्या, आणि ते आईच्या कानांवर चढवले. "मोठा करा आवाज," काकांना म्हणाल्या. "अजून. पूर्ण."

म्हातारी आधी त्रासली. हाताने ते काढून टाकायला गेली. मग गाणं सुरू झालं असावं, कारण हात तिथेच राहिला. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत बसलो. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, खाली नुसते डंख धडधडत होते. शिळेची जागा आली ती तिच्या ओठांवरून कळली. पण ती हसली ती त्याच्याही नंतर.

"शीळ काय, कोणय घालतलो," ती मोठ्याने म्हणाली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी. "ह्यो दम मात्र ह्येंचोच. जिनो चढान इल्यार असोच लागा तेंका." आणि जिना चढून कोणी धापा टाकत आल्यासारखं तिने दाराकडे बघितलं.

प्रतिभाताई पलंगाच्या कडेवर बसल्या आणि रडायला लागल्या. मलाही आवरेना. काका गुडघ्यांवर सरकत पलंगाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, "मावशी, माझी फार मोठी चूक झाली. मी तुमचं खरं मानलं नाही. मला..."

"गप ऱ्हव रे," म्हातारीने त्यांना हाताने बाजूला केलं. "माका ऐकांक दी."

काका गप्प बसले. प्रतिभाताईंनी डोळे पुसून हळूच विचारलं, तबकडी अजून चालू आहे का, मी लिहू का तिथं काही? काका म्हणाले, "आहे महिनाभर. लिहा वाटलं तर. नाही लिहिलंत तरी चालेल. आता बंद झाली तरी चालेल."

गाणं संपलं. म्हातारीने त्यांच्याकडे न बघता एक बोट वर केलं. काकांनी गाणं पुन्हा लावलं. चहा आला, गार झाला, खालची मिरची वर आली, आम्ही शिंकून घेतलं. दर वेळी गाणं संपलं की ते बोट वर व्हायचं, आणि फोन दोन्ही हातांत धरून जमिनीवर बसलेले काका ते पुन्हा सुरुवातीपासून लावायचे.